मध्ये शांतता नको

नव्या अल्बमचा तिसरा तुकडा संपायच्या आत मेहुणा उठला.

"दाजी, गाणं नक्की कधी सुरू होतं? तोवर मी चहा टाकतो," तो म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसायचा राहून गेला. त्याची बहीण भिंतीला टेकून बसली होती. तिने दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून धरले होते.

संगीतकाराने घाईघाईने आवाज बंद केला.

"तिचाच आवाज आहे ना तो?" बायकोने विचारलं.

"तिचा नाही. तिच्या मशीनचा."

ढब्बू त्यांची एकुलती एक मुलगी. दवाखान्यात शेवटी शेवटी ती श्वासाच्या यंत्रावर होती. उशाशी बसून बापाने ते यंत्र फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा, झडपेची टकटक, ऑक्सिजनचा आकडा घसरला की वाजणारा बारीक, टोचणारा गजर. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तो जाहिरातींना आणि मालिकांना पार्श्वसंगीत करून देणारा माणूस. हाताला तीच सवय.

ती गेल्यावर त्याने कामं घेणं सोडलं. मागच्या खोलीत सिंथेसायझर मांडला, खिडकीला जुनी गादी लावली आणि दार ओढून घेतलं. हवेचा आवाज खाली खेचून त्याचा खर्ज केला. टकटकीचा ठेका केला. गजर मात्र तसाच ठेवला. फक्त दर आवर्तनाला किंचित वर चढवत नेला. अख्ख्या अल्बममध्ये त्याने कुठेच सम येऊ दिली नाही.

"समेवर आणलं तर ती गेली असं होईल," तो बायकोला म्हणाला.

बायको उठून आत गेली. चहा घेऊन मेहुणा परतला, तेव्हा ती पिशवी भरत होती. त्याच्याबरोबरच ती माहेरी निघून गेली.

अल्बम निघाला आणि विहिरीत खडा पडावा तसा गडप झाला. जुन्या रेकॉर्डिस्ट मित्राने फोन करून विचारलं, "फाइल खराब झालीय का रे? नुसतं कुंई कुंई वाजतंय." एका समीक्षकाने चार ओळी लिहिल्या, त्यातली शेवटची अशी होती : हे सलग ऐकणं माणसाच्या कुवतीबाहेरचं आहे.

संगीतकार जेवेनासा झाला. दाढी वाढली, यंत्रांवर धूळ बसली. आपण पोरीचा शेवटचा श्वास चव्हाट्यावर मांडला आणि कुणी वळूनही पाहिलं नाही, हे त्याच्या मनातून जाईना. एका दुपारी सगळं पुसून टाकायला तो कॉम्प्युटरसमोर बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"तुमचा अल्बम आम्ही रोज लावतो," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. आवाज मऊ होता, बोलणं अदबीचं. "मी डॉक्टर आहे. आमच्या केंद्रात माणसं येतात ती तोंड मिटून. एक शब्द म्हणून काढत नाहीत. आम्ही सगळे उपाय करून थकलो. तुमच्या संगीताने ती बोलायला लागली."

संगीतकाराने माउसवरचा हात काढून घेतला. "बोलायला?"

"आधी रडतात. मग बोलतात. एकदा सुरुवात झाली की थांबत नाहीत."

"त्यात माझ्या मुलीचं..."

डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले, "एक विनंती होती. दोन तुकड्यांच्या मध्ये तुम्ही शांतता ठेवलीय. ती नको. तेवढ्यात ती माणसं परत मिटतात. आणि तो वर चढत जाणारा बारीक आवाज आहे ना, तो आणखी लांबवता येईल?"

तो तडक मेहुण्याच्या घरी गेला. बायको दारातच उभी राहून ऐकत होती.

"आपल्या ढब्बूमुळे?" तिने विचारलं.

"आपल्या ढब्बूमुळे."

ती त्याच्याबरोबर परत आली. पहिल्यांदाच मागच्या खोलीत बसली. मूळ रेकॉर्डिंग ऐकताना यंत्राच्या मागून तिला स्वतःचीच कुजबुज ऐकू आली : बोल ना गं, एकदा तरी बोल.

"हे मी काढून टाकलं होतं," तो ओशाळून म्हणाला.

"काढू नकोस. मोठ्याने ठेव."

नवीन अल्बम दोघांनी मिळून पुरा केला. त्या दिवसांत घरात पुन्हा वेळेवर स्वयंपाक होऊ लागला. अल्बम ऐकून डॉक्टर म्हणाले, "बाईंचा आवाज घातलात ते फार उत्तम केलंत."

बायकोने हट्टच धरला. एकदा तरी ती माणसं पाहायचीत. डॉक्टर आधी का कू करत होते, पण शेवटी तयार झाले.

केंद्र गावाबाहेर होतं. स्वच्छ, झाडून पुसून लख्ख. फाटकावर दोघांचे फोन ठेवून घेतले. पांढऱ्या कोटातल्या डॉक्टरांनी त्यांना बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, प्रवासाची चौकशी केली.

"समोरासमोर भेट नाही घडवता येणार," ते म्हणाले. "बाहेरून ऐका हवं तर."

लांब व्हरांडा. ओळीने बंद दारं. एका दाराआडून त्यांचं संगीत येत होतं, इतक्या मोठ्याने की पायाखालची फरशी थरथरत होती. गजर चढत चालला होता. बायकोने नवऱ्याचा हात धरला. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, भिंतीवरचं बटण दाबलं आणि सगळं एकदम थांबलं.

आतून एका बाईचा आवाज आला.

"ऐक, ऐक! बोलतेय ती!" बायकोचा चेहरा किती तरी महिन्यांनी उजळला होता. डोळ्यांतलं पाणी न पुसताच तिने दाराला कान लावला.

"परत लावू नका हो," आतली बाई म्हणत होती. "पाया पडते. माझा भाऊ कुठे लपलाय ते सांगते."