गोळ्यांचा आठवडा

फोन वाजायच्या आत सायकलवाल्यांनी पाकिटातली एक गोळी फोडून तळहातावर घेतली. खरं म्हणजे ती घ्यायची गरज आता उरली नव्हती. सकाळीच डॉक्टरबाईंनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

त्यांच्या मोठ्या आतड्याच्या भिंतीला बारीक बारीक पिशव्या झाल्या होत्या. जुन्या ट्यूबला फुगे येतात ना, तसं समजा, असं बाईंनीच पहिल्या भेटीत समजावलं होतं. त्यातली एक सुजली तेव्हा सायकलवाले आपल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातच पोट धरून आडवे झाले होते. पुन्हा ती वेळ येऊ नये, पिशवी फुटून जिवावर बेतू नये, म्हणून दर महिन्याचा पहिला आठवडा गोळ्यांचा ठरला. आणि आपला बाप गोळ्यांची टंगळमंगळ करणार हे ओळखून परगावच्या लेकीनं त्या आठवड्यात रोज संध्याकाळी फोन करायचं ठरवलं.

एरवी तिला फुरसत नसे. नोकरी, मुलं, अंथरुणाला खिळलेली सासू. एकटी कुठं कुठं पुरी पडणार? सायकलवाल्यांना त्याचा राग नव्हता. फोनही दोन मिनिटांचा. गोळी घेतली का, पाणी पिता ना, पोट साफ आहे ना. पण त्या आठवड्यात ते दुकान वेळेवर बंद करत आणि घरी येऊन हातांचं काळं ग्रीस घासून काढत. फोनवर हात कोण बघणार, हे ठाऊक असूनसुद्धा.

आज बाईंनी तपासणीचे कागद चाळले आणि त्रास परत आलेला नाही म्हणून समाधान दाखवलं. या गोळ्यांनी दुखणं परत यायचं टळतंच, याला भक्कम पुरावा नाही, मग जन्मभर कशाला घ्यायच्या, असं म्हणाल्या. भाजीपाला, कोंड्याची भाकरी, पाणी, चालणं सोडायचं नाही. ताप आला किंवा पोट दुखलं तर मात्र तडक यायचं.

"अजून थोडे दिवस घेतल्या तर?" सायकलवाल्यांनी विचारलं.

"का? दुखतंय कुठं?"

"नाही, तसं काही नाही."

बाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे नीट बघितलं. औषध बंद झालं म्हटल्यावर माणसं खुलतात. या माणसाचा चेहरा पडला होता.

घरी येऊन त्यांनी बराच विचार केला. गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' म्हणण्यापलीकडे त्यांना खोटं बोलता येत नसे. लेकीशी तर नाहीच. पण गेल्या खेपेचं एक पाकीट कपाटात शिल्लक होतं. गोळी खरोखरच गिळली, तर खोटं बोलायचा प्रश्नच कुठं येतो?

फोन वाजला.

"बाबा, घेतली का गोळी?"

तोंडाशी नेलेला हात तिथंच थांबला. मग त्यांनी गोळी टेबलावर ठेवली.

"डॉक्टरबाईंनी बंद केली. आता नको म्हणाल्या."

तिनं खोदून खोदून विचारलं. नक्की काय म्हणाल्या, परत दाखवायचं का, तुम्हीच तर मनानं बंद नाही ना केली. त्यांनी सगळं शब्दाला शब्द सांगितलं. बरं झालं, सुटलात एकदाचे, असं ती म्हणाली. पलीकडे मुलं कशावरून तरी भांडत होती. तिला कामं असतील, ठेव म्हणावं, म्हणून सायकलवाल्यांनी तोंड उघडलं. पण तीच आधी बोलली, अगदी हळू.

"मग आता मी फोन केला की काय विचारू?"

त्यांनी टेबलावरची गोळी बाजूला सारली.

"दिवस कसा गेला, ते विचार."

"कसा गेला?"

सायकलवाले पलंगाच्या कडेला टेकले. बायको गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सुरुवात कुठून करावी, तेच त्यांना कळेना. पलीकडे मुलांचं भांडण चालूच होतं, आणि ती फोन न ठेवता थांबून राहिली होती.