मिरचीचं मैदान

हेलिकॉप्टर धुळ्यातच थांबून होतं. ते आपोआप उडणारं, आत चालवायला माणूसच नसे, त्यामुळे गयावया करायची तरी कोणापुढे? उपकेंद्रात नर्स निर्मलाताईंच्या हातातल्या टॅबच्या पडद्यावर एकच ओळ होती : राखीव मैदान मोकळं नाही.

शाळेचं मैदान रिकामं होतं. पण उतरायला ठरवलेली दोन्ही मैदानं मोकळी दिसल्याशिवाय ते उडत नसे, आणि नदीपलीकडच्या राखीव मैदानावर गावाने मिरच्या वाळत घातल्या होत्या. सात वर्षांत तिथे कधी काही उतरलंच नव्हतं.

बाळंत झालेल्या दमयंतीचा रक्तस्राव थांबत नव्हता.

"सगळे जा, आधी मिरच्या उचला," निर्मलाताई म्हणाल्या.

अख्खं गाव धावलं. ठसकत, डोळे पुसत लोकांनी अर्ध्या तासात मैदान झाडून काढलं. हेलिकॉप्टर निघालं. निर्मलाताईंनी दमयंतीचं स्ट्रेचर शाळेच्या मैदानाच्या कडेला आणवलं.

आकाशात घरघर ऐकू आली, तेवढ्यात गाव परतलं. दवाखान्यात जाणाऱ्याला पोचवायला सगळ्यांनी यायचं, ही इथली रीतच. माणसं थेट मैदानात शिरली.

"मागे व्हा. माणसं दिसली तर ते उतरणार नाही," निर्मलाताई ओरडल्या.

उशीर झाला होता. पडद्यावर नवी ओळ आली : मैदानात माणसं. राखीव मैदानाकडे वळत आहे.

तिसरं मैदान गावाला नव्हतं.

चौघांनी स्ट्रेचर उचललं आणि ते पुलाकडे पळत सुटले. पुलाच्या मध्यावर निर्मलाताईंनी मागे वळून पाहिलं. अख्खं गाव मागोमाग धावत येत होतं.