हिरव्या विजेची चौकशी

मेलबर्नमधल्या घराचा जुना वीजकरार त्या संध्याकाळी संपत होता आणि शाल्मलीचा निर्णय अजून होत नव्हता. पवनचक्क्यांची वीज ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीवर एका ग्राहकाने स्तुतिसुमने उधळली होती, दुसऱ्याने तिला शिव्यांची लाखोली वाहिली होती.

साताऱ्याहून आलेले सासरे शेजारी येऊन बसले. "यांचं ऑफिस कुठंय?"

"ऑफिस नाही, अप्पा. सगळं ऑनलाइन."

"मग बिल चुकलं तर भांडायला जायचं कुठं?"

शाल्मलीने चॅट सुरू केले. पलीकडे कंपनीची एमिली होती.

"हिला विचार, तुझ्या स्वतःच्या घरी कुणाची वीज आहे?"

"अप्पा, असं विचारत नाहीत इथे!"

"मी खानावळवाल्यालाही विचारतो, तू कुठं जेवतोस. विचार तू."

तिने संकोचत विचारले.

पडद्यावर उत्तर उमटले, "भाड्याची खोली आहे. वीज घरमालक ठरवतो. कोळशाचीच आहे. माफ करा."

शाल्मलीचा चेहरा पडला. अप्पांचा मात्र खुलला.

"विकणारी असून खरं बोलली! हिच्याकडूनच घे."

नाव नोंदवून शाल्मलीने हुश्श केले.

"आता तिच्या त्या घरमालकाचा नंबर माग," अप्पा बाह्या सरसावत म्हणाले. "मी बोलतो त्याच्याशी."