उंबऱ्यातलं नाव

"नाव घेतल्याबिगर आत सोडायचं न्हाई!" नणंद प्रभावतीनं दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली, आणि केदारखेड्याच्या निम्म्या बाया मजा बघायला अंगणात जमल्या.

नवी नवरी कौसल्या उंबऱ्याबाहेरच थबकली. सकाळी हसनाबादला लग्न कसं सुरळीत पार पडलं होतं. त्रिशरण, पंचशील सगळ्या मांडवानं एका सुरात म्हटलं, त्यात तिचाही आवाज मिसळून गेला. दहा जणांत ती कधी अडखळत नसे. अडायची ती एकटीनं बोलताना. त्यातही 'व' म्हणजे तिचा हाडवैरी. ओठ दातांत अडकला की सुटायचं नाव नाही. आणि नशीब बघा, नवरा मिळाला तो नेमका वसंता!

तिचं हे अडखळणं सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. बघायला पाहुणे आले तेव्हा सगळी उत्तरं मामानंच दिली. "पोरगी लई लाजाळू हाय," म्हणाला. नवरदेवानंही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्याच्या वतीनं त्याचे काका धर्मराज बोलत होते. शिष्ट दिसतोय, असं कौसल्याला तेव्हा वाटून गेलं होतं. तर अशी ही झाकली मूठ इथवर आली होती. आता ती उघडली, की "फसवलं आम्हाला" हे ऐकतच उभा जन्म काढायचा.

आईनं निघताना कानात सांगितलं होतं, "नाव घ्यायची येळ आली की पदर तोंडात धर अन् रडाया लाग. रडत्या नवरीला कुनी काय म्हनत न्हाई." तोड तशी नामी होती. कौसल्यानं पांढऱ्या लुगड्याचा पदर तोंडाशी नेलासुद्धा.

पण आज रडून सुटशील बाई, उद्या काय? जन्मभर पदर चावत बसणार?

तिला सिस्टर लुचिया आठवली. लुचिया दुष्काळात दुधाची भुकटी वाटायला इटलीहून बदनापूरला आली आणि तिथल्या दवाखान्यातच कायमची राहिली. कौसल्या तिच्याकडं दोन वर्षं पट्ट्या धुवायच्या कामाला होती. पहिल्याच दिवशी ती एका शब्दावर अडली, तेव्हा सिस्टर हसली नाही, की शब्द पुरा करून द्यायलाही धावली नाही. नुसती थांबली. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "तू माझी भाषा शिक. त्या भाषेत तुला कोणी अजून हसलं नाही."

आणि खरंच तसं झालं. मांडीवर थाप मारत, शब्दाचे तुकडे पाडत सिस्टर म्हणायची: पोर, तो. पोर, ती. पोर, ता. म्हणजे मी ओझं वाहते, तू वाहतेस, ती वाहते. मग त्याच मुळाची भावंडं यायची. री, पोर, तो, म्हणजे मी परत आणते. सोप, पोर, तो, म्हणजे मी सोसते. एक थाप, एक तुकडा. पट्ट्या पिळता पिळता कौसल्या सगळी पाठ म्हणायची आणि जीभ कुठंच अडायची नाही. एक रूप मात्र ती गाळायची. पोर, त्या, मो. आपण वाहतो. "ह्याला दुसरं माणूस लागतं," सिस्टर सांगायची. मग ते राहू दे, असं कौसल्या हातानंच खुणावायची.

"घेती का नाव, का धाडू माघारी?" प्रभावती दारातून गरजली.

कौसल्यानं पदर सोडला. मांडीवर हळूच थाप मारली.

"पोर, तो," ती मोठ्यानं म्हणाली. "पोर, ती. पोर, ता."

मग मागून कुणीतरी खिदळलं, "अगं बया! आत्तापासनंच पोर?" एकच हशा पिकला. हसेनात का! तिची थाप चुकली नाही. त्याच ठेक्यावर ती मराठीत उतरली:

"केदारखेड्याच्या वाटेवर हिरवीगार तूर,
वसंतरावांचं नाव घेते, नणंदबाई, व्हा दूर!"

सुटला! 'व' सुटला, तोही पुन्हा पुन्हा. तिथंच उंबऱ्यात फुगडी घालावी असं कौसल्याला वाटलं.

प्रभावतीनं हसत चौकट सोडली आणि भावाकडं वळली. "आता दादाची पाळी. घ्या नाव!"

"त्याला नगा तरास देऊ," सासू गिरिजाबाई घाईघाईनं मध्ये आली. "जल्दी आत घ्या त्यास्नी. लेकरं सकाळधरनं उपाशी हायेत."

वसंता खाली मान घालून आत आला. त्याचे कान लाल झाले होते. झालं, कौसल्याच्या मनात आलं. ह्यानं ओळखलं. एवढ्या बायांसमोर काहीतरी अगम्य बडबडणारी बायको पदरात पडली म्हणून चिडलाय.

दोघं बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं बसली. मेणबत्ती लावता लावता वसंता तिच्याकडं न बघताच जरा झुकला. त्याच्या मानेची शीर तटतटून फुगली. ओठ मिटले ते उघडेनात. असा चेहरा कौसल्यानं आजवर फक्त आरशात पाहिला होता.

"म... म... मला बी शि... शिकवशील?"

कौसल्यानं त्याचा तळहात आपल्याकडं ओढला आणि त्यावर थाप मारली.

"पोर," ती म्हणाली. "त्या. मो."