भिंतीवरची हाक

“आत्या, अमृत खाटंवर न्हाई!”

रोहिणीचा आवाज इतका मोठा आला की पुष्पावतीनं फोन कानापासून लांब धरला. सून होती सांगलीकडं, उसाच्या फडावर. चार वर्षांचा नातू होता इथं, पाथर्डीजवळच्या घरात, पलीकडच्या खोलीत. तरी पोर खाटेवर नाही हे आधी सुनेला कळलं.

“मुतायला उठला असंल गं.”

“न्हाई वो. लई येळ झाला. मीच…” रोहिणीला धाप लागली होती. “तो रडत उठला. मला दिसलं, मंग मी त्या कॅमेऱ्यातून बोलले. म्हनलं, अमरू, रडू नगं, आई हाय हितं. तसा गप झाला. खाटंखाली वाकून बघितलं, दाराआड बघितलं. हासत हुता वो आत्या. मंग भाईर गेला त्यो आलाच न्हाई.”

पुष्पावती उठली. बाहेरच्या दाराशी तेलाचा रिकामा डबा पालथा घातलेला होता आणि कडी निघालेली होती.

ती तशीच अनवाणी बाहेर पडली. रात्र अजून सरली नव्हती आणि थंडी मी म्हणत होती. कुठं शोधायचं हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. दिवाळी झाल्यावर ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक पाण्याच्या टाकीपाशी भरला होता. भांडी, गोधड्या, कोयते आणि वर माणसं. त्या दिवशी हे पोर तिच्या हातातून निसटून टाकीपर्यंत पळालं होतं.

अमृत टाकीखालच्या दगडावर बसला होता. पायात एकच चप्पल, आणि शेजारी गावातलं कुत्रं, जसं काही त्याच्याच सोबतीला आलेलं.

“आज्जी,” तो म्हणाला, “गाडी कुठंय? आई उतरली ना?”

पुष्पावतीनं त्याला उचलून छातीशी धरलं, आणि चार पावलं गेल्यावर तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिला क्षयाची औषधं चालू होऊन महिना झाला होता. आणखी महिनाभर तरी पोराला कुशीत घेऊ नका, वेगळ्या खोलीत झोपवा, असं त्यांनी बजावलं होतं. एरवी रोहिणी त्याला वेगळं झोपवू देती का? शेवटी तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, निघायच्या आदल्या दिवशी खाटेसमोरच्या भिंतीवर सिमकार्डाचा कॅमेरा ठोकला, तेव्हा कुठं ती ट्रकमध्ये चढली.

घरापर्यंत पुष्पावतीनं तोंड दुसरीकडं वळवून ठेवलं, पण पोराला खाली सोडलं नाही.

फोन अजून चालूच होता. “घावला,” ती म्हणाली. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. त्याच्यामागं बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि कुणी तरी ओरडत होतं, “आवरा गं बायांनो, गाड्या निघाल्या!”

“रोहिणी, ऐक. आता त्याच्याशी कॅमेऱ्यातनं बोलायचं न्हाई.”

“वर कडी बसवून घ्या ना आत्या. हात पुरायचा न्हाई त्याचा.”

“बसवीन. मंग आतून दार बडवीत बसंल. तू दाराभाईर हाईस आन आज्जी उघडीना, असं वाटंल त्याला.”

“रडला तर? मी नुसती बघत बसू?”

पुष्पावतीची स्वतःची चार लेकरं फडावरच्या कोपीत, उसाच्या पाचटाच्या झोपडीतच वाढली होती. निजताना ती लेकराच्या पायाच्या अंगठ्याला सुतळी बांधायची आणि दुसरं टोक आपल्या मनगटाला. अंधारात कोपीबाहेर बैल, पलीकडं विहीर, त्याच्या पलीकडं ऊस. लेकरू जरा हललं की मनगटाला ओढ लागायची. मग डोळे न उघडताच ती त्याला कुशीत ओढून घ्यायची.

“आमी सुतळी बांधायचो,” ती म्हणाली. “पन ओढ लागली की हात पोचत हुता, बाई. तुजा न्हाई पोचत.”

पलीकडून रोहिणीनं नाक ओढल्याचा आवाज आला.

“बघायचं तरी बंद करू नका आत्या.”

“बघ की. कोन न्हाई म्हनतंय? पोटचं हाय तुज्या. बघ, पन हाक मारू नगं.”

“बरं,” रोहिणी म्हणाली, आणि फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी दाराला वरून कडी बसली. रात्री अमृत खाटेवर चढून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका जळत होता.

“आई,” त्यानं हाक मारली. “मी हितं हाय.”

उंबऱ्याअलीकडं पुष्पावती पदर तोंडाला धरून उभी होती.

“आई, मी भात सगळा खाल्ला.” तो थोडा थांबला. “आई, बोल की. काल बोललीस ना?”

ठिपका नुसता जळत राहिला. मग पोरानं वळून आजीकडं पाहिलं. रडायला अजून आलं नव्हतं, पण खालचा ओठ बाहेर आला होता.

“ती बोलत न्हाई आज्जी.”

“निजली असंल, बाळा,” पुष्पावती म्हणाली. तिनं भिंतीकडं बघायचं टाळलं. “दिसभर ऊस तोडती, मोळ्या उचलती. दमती ती.”

अमृतनं यावर जरा विचार केला. मग तो अगदी सावकाश खाली बसला, एक एक पाय लांब केला, आणि गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली.

“उशी नीट घे की रं,” पुष्पावती दारातून म्हणाली.

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल आज्जी,” तो कुजबुजला. “आई उठंल.”