निघण्याआधी घडीभर

प्रेमावर आणि संसारावर वालेर्यानने आपल्या नाटकांत पेरलेली चुरचुरीत वाक्यं अख्ख्या मॉस्कोच्या तोंडी होती. त्याची बायको अग्निया त्याचं घर कायमचं सोडून निघाली, तेव्हा लांबच्या प्रवासाआधी घडीभर बसायचं या रीतीप्रमाणे ती पेटीवर टेकली. तोही समोर बसला. बाहेर घोडे फुरफुरू लागले, तरी ती उठेना.

"बोल ना काहीतरी," ती म्हणाली.

"लग्न म्हणजे चहाचा समोवार गं! आधी उकळतो, मग गुणगुणतो, शेवटी नुसता पुसत बसायचा."

पेटी न्यायला आलेला गाडीवानही हसला. ती उठली आणि निघून गेली.

वालेर्यान वारल्यावर त्याचं शेवटचं नाटक लागलं. अग्निया वरच्या स्वस्त बाकावर बसली होती. रंगमंचावर घर सोडणारी बायको पेटीवर टेकली, आणि नवरा एवढंच म्हणाला, "नको ना जाऊस."

शेजारीण कुरकुरली, "हे काय बाई! या खेपेला एक धड विनोद सुचला नाही मेल्याला."

पडदा पडला, लोक पांगले.

"उठा की हो, खेळ संपला," शेजारीण म्हणाली.

"बसू द्या घडीभर," अग्निया म्हणाली. "लांब जायचंय मला."