खैरघाटचं पाणी

दुपारच्या शांततेत गडवा फरशीवर आपटला आणि घरंगळत गेला.

सत्यशीला दारात आली. समोरच्या ओट्यावर तिची वच्छी उभी होती. हनुवटीवरून पाणी गळत होतं. प्रभावतीबाईंनी तिच्या हातचा गडवा हिसकून फेकला होता.

"आमचं पाणी नको पिऊ, पोरी," त्या म्हणत होत्या. "तहान लागली तं आपल्या घरी जाय."

मग त्यांनी माठ उचलला आणि निंबाच्या बुडाशी ओतून टाकला. भर वैशाखात, घाटावर, भरलेला माठ.

वच्छी रडली नाही. आईला चिकटून हळूच म्हणाली, "मी नाही सांगतलं, आई. आईशपत."

"मले माहीत आहे, बाई," म्हणत सत्यशीलाने तिची हनुवटी पदराने पुसली.

खैरघाट तेव्हा गाव म्हणावं इतकं झालं नव्हतं. छोटी गाडी धापा टाकत घाट चढायची आणि इथे पाणी प्यायला थांबायची. इंजिनासाठी टाकी, टाकीला एक नळ, बाजूला गिट्टीची खदान. खदानीसाठी माणसं आली आणि रुळाच्या कडेने घरं उठली. कोण कुठलं, कोणालाच ठाऊक नव्हतं. नागोराव, तिचा नवरा, गाडीतून उतरला तेव्हा मुकादमाने विचारलं होतं, "कोन लोक?" कडेवरची पोर सावरत नागोराव बोलून गेला, "कुणबी."

एकदा बोललेलं परत घेता आलं नाही.

गेल्या दसऱ्याला दोघं नागपूरला गेली, लाखो माणसांत पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली, बौद्ध होऊन आली. इथे सांगितलं, सोयऱ्यात कोणी बिमार आहे. बुद्धाची तसबीर पांढऱ्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी गेली. मार्गशीर्षात बाबासाहेब गेल्याची बातमी गाडीबरोबर आली, तेव्हा सत्यशीला तोंडात पदर कोंबून रडली. त्या दिवशी नळावर प्रभावतीबाईंची कटकट नव्हती, तेवढाच जिवाला आराम.

नाहीतर नळ म्हणजे प्रभावतीबाईंचं राज्य. पंपवाल्या गोविंदाची बायको. पाण्याच्या गुंडाला दुसऱ्याचा गुंड लागू द्यायचा नाही, आपलं भरायचं आणि निघायचं, हा नेम त्यांनीच घालून दिलेला. कोणाच्या घरी चहा घेत नसत, कोणाला उंबरठा ओलांडू देत नसत. बाकीच्या घरांनी तेच उचललं.

संध्याकाळी तांड्यावरची बसंतीबाई मोळी उतरवून सत्यशीलाच्या ओट्यावर टेकली. ओतलेल्या पाण्याचा डाग अजून वाळला नव्हता.

"तुमच्या गावात, बाई, पानी कमी अन् सोवळं जास्त," ती म्हणाली. "आमच्या तांड्यावर कोनी आलं तं तहान लागली का इतकंच पुसतात."

"गावाची रीत आहे," सत्यशीला म्हणाली.

"लय न्यारं गाव. दसऱ्याले मोळी आणली तं घरोघर कुलूप. साऱ्यायचे सोयरे एकाच दिवशी बिमार." ती स्वतःच हसली, मोळीचे पैसे कमरेला खोचून गेली.

सत्यशीलाला हसू आलं नाही. डोळ्यांसमोरून वच्छीची ओली हनुवटी हलत नव्हती. पोर पाच वर्षांची. आत्ताच चोरासारखी शपथ घ्यायला शिकली.

नागोराव खदानीतून आला. जेवायला बसल्यावर ती म्हणाली, "उद्या वैशाखी पौर्णिमा. मी तसबीर ओट्यावर मांडतो."

त्याचा घास हातातच राहिला. "नळ बंद होईन."

"नाल्यावरून आणीन."

"नाला आटला."

"वाळूत झिरा उकरीन."

"अन् मले कामावरून काढलं तं?"

"नागपूरले हात जोडले ते कोनाले भिऊन जोडले होते का तुमी?"

नागोराव भाकर कुस्करत म्हणाला, "पहिले प्रभावतीबाईले सांग. थे बोलन तसं गाव वागन. अन् मुसळ घेऊन अंगावर आली तं माह्याकडे पाहू नको."

"तुमच्याकडे पाहून कोनाचं भलं झालं?" ती म्हणाली आणि त्याला आणखी भाकर वाढली.

सकाळी तिने वच्छीची वेणी घातली, लुगड्यात गुंडाळलेली तसबीर छातीशी धरली आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला. कडी वाजवली. दार टीचभर उघडलं. प्रभावतीबाईंचा हात चौकटीवर आडवा होता.

"बाई, काल माह्या पोरीनं तुमच्या माठाले हात लावला," सत्यशीला म्हणाली. "तुमाले माहीत पाहिजे. आमी कुणबी नाही. महार होतो, आता बौद्ध आहो. नळ बंद करा, नाही तं गाव गोळा करा. हे तसबीर आज माह्या ओट्यावर बसन. मी ते उचलनार नाही."

बोलून झाल्यावर तिने तसबीर उघडी केली.

प्रभावतीबाई बघत राहिल्या. चौकटीवरचा हात हळूहळू खाली आला. मग त्यांनी दार सताड उघडलं आणि बाजूला झाल्या.

आत कोपऱ्यात जुन्या लुगड्याचा पडदा बांधलेला होता. प्रभावतीबाईंनी तो सारला. मागे फळीवर बुद्धाची तसबीर होती, तशीच, तेवढीच. समोर मेणबत्ती जळत होती. खाली पांढरं लुगडं घडी करून ठेवलेलं.

"तुमी कुणबी म्हणून..." प्रभावतीबाई म्हणाल्या. "आमच्या हातचं पाणी तुमची पोर प्याली, असं उद्या कोनाले समजलं असतं तं..."

वच्छीने एका तसबिरीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. आईचा पदर ओढला.

"आई, मंग कोनाले सांगायचं नव्हतं?"